धुऱ्यावरच्या लिंबाच्या फळ्या

२०२३ च्या एप्रिल महिन्यात विदर्भात अवकाळी पाऊस आणि वादळाने जो धुमाकूळ घातला, त्यात आमच्या वावराच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, लिंब मुळासकट आडवा झाला. त्याच सुमारास, ९ एप्रिलला, अकोला जिल्ह्यातील पारस येथे मंदिराच्या टिनाच्या शेडवर लिंबाचे जुने झाड कोसळून सात माणसे गेली होती. आमचे झाड रिकाम्या वावरात पडले आणि खाली माणूस किंवा ढोर कोणी नव्हते, यातच घरच्यांनी समाधान मानले. लिंब म्हणजे कडुनिंब. आमच्या यवतमाळकडे त्याला नुसते लिंबच म्हणतात.

झाड आजोबांच्या वेळचे होते. फांद्या सरपणाला गेल्या, पण बुंध्याचा ९ फुटांचा सरळ भाग फोडून चुलीत घालण्यास मन घेईना. दोरीने घेर मोजला तो ६६ इंच भरला. लाकडाच्या व्यवहारात घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात, त्याला लांबीने गुणतात आणि १४४ ने भागतात. त्या हिशेबाने ओंडका १७ घनफूट होत होता. खरे आकारमान याहून बरेच जास्त, म्हणजे साडेएकवीस घनफुटांच्या घरात असते; वर जी तफावत राहते ती साल, भुसा आणि वाकडेपणापोटी आधीच सोडून दिलेली असते. जुन्या व्यापाऱ्यांचे हे सूत्र किती अनुभवाचे आहे, ते मला पुढे स्वतःच्या हाताने कळले.

घराच्या मागच्या बाजूचे दार आणि चौकट वाळवीने खाल्ली होती आणि लिंबाच्या लाकडाला किडीचे भय कमी, म्हणून याच ओंडक्यातून नवे दार करावे असे ठरवले. शेजारीपाजारी हसले. त्यांचेही बरोबर होते. परतवाडा आणि बल्लारपूरचे सागवान डेपो ज्या विदर्भात आहेत, जिथल्या सागवानाची लाकडे २०२३ मध्येच अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी वाजतगाजत गेली, तिथे लिंबाचे दार करणारा माणूस कंजूष तरी असतो किंवा हट्टी तरी.

सर्वांत जवळची आरागिरणी आमच्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या आणि नवा परवाना मिळणे अवघड होऊन बसले, त्यामुळे पूर्वी तालुक्याच्या बाजारापाठोपाठ दिसणाऱ्या गिरण्या आता मोजक्याच उरल्या आहेत. सहा क्विंटलांच्या आसपास वजनाचा ओंडका ट्रॉलीत चढवायचा, तिथवर न्यायचा, रांगेत थांबायचे आणि फळ्या परत आणायच्या, यात लाकडाच्या किमतीपेक्षा जास्त पैसा गेला असता. पूर्वी हे काम गावात होत असे. आमच्या जुन्या घराची मयाले, म्हणजे छताच्या तुळया, आराकसांनी कापलेली आहेत; खड्ड्यावर ओंडका ठेवून एक जण वर उभा राही, दुसरा खाली, आणि लांब करवत दिवसभर वरखाली चाले. मयालांवरच्या त्या तिरप्या रेषा अजून बोटाला लागतात. ते काम करणारी माणसे आता राहिली नाहीत, म्हणून चेनसॉला, म्हणजे इंजिनावर चालणाऱ्या साखळी-करवतीला, लोखंडी चौकट बांधून ओंडका जागेवरच चिरण्याचा विचार मनात आला.

त्याआधी एक काम केले, ते सांगितलेच पाहिजे. तलाठ्याकडून पडलेल्या झाडाचा पंचनामा करून घेतला आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारणा केली. १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, बिजा, हळदू, तिवस, ऐन, खैर, चंदन अशी झाडे आहेत. लिंब आणि बाभूळ त्यात नाहीत. तरीही यंत्राने लाकूड चिरणे ही गोष्ट वन खात्याच्या नजरेत वेगळी असते. स्वतःच्या वावरातले लाकूड स्वतःच्या घरासाठी चिरा, पण दुसऱ्याचे लाकूड मजुरीवर घेऊ नका आणि त्याला गिरणी म्हणू नका, असे मला तेथील कर्मचाऱ्याने हसत सांगितले. दुसऱ्या कोणाला हे करायचे असेल तर त्याने माझ्या अनुभवावर विसंबू नये, आपल्या भागातल्या कार्यालयात आधी विचारावे.

ही चौकट म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. चेनसॉची पट्टी, जिला सगळे बारच म्हणतात, ती आडवी धरून तिच्यावर ठरावीक अंतरावर लोखंडी चौकट घट्ट बसवायची. चौकट लाकडाच्या सपाट पृष्ठभागावर घसरत पुढे जाते आणि तिच्याखाली तितक्याच अंतरावर चेन कापत जाते. दीड इंच अंतर ठेवले की दीड इंचाची फळी निघते. माझ्या धाकट्या चुलत भावाचे वेल्डिंगचे दुकान आहे. त्याच्याकडे पडलेल्या दीड इंची चौकोनी पाइपांतून दोन लांब आडवे दांडे केले. उभ्या खांबांसाठी सव्वा इंची पाइपात एक इंची पाइप सरकेल अशी जोडणी केली आणि बाहेरच्या पाइपाला नट वेल्ड करून बोल्टने उंची पक्की करण्याची सोय ठेवली. दोन तासांचे काम, असे भाऊ म्हणाला होता. दोन तासांत चौकट झालीही. ती कोटा फरशीवर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबले तेव्हा समोरचा कोपरा टकटक वाजला. वेल्डिंगच्या उष्णतेने पाइप ओढला गेला होता आणि चौकटीला तीन मिलिमीटरचा पीळ पडला होता. तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण चौकटीला पीळ असेल तर बार तिरपा बसतो आणि प्रत्येक फळी एका काठाला जाड, दुसऱ्या काठाला पातळ निघते. सांधे कापून, समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आधी नुसते टाके मारून आणि नंतर आलटूनपालटून वेल्ड करून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसवली.

बार पकडणाऱ्या चिमट्याने आम्हाला वेगळाच धडा दिला. बारच्या टोकाला चेन वळवणारे लहान दातेरी चाक असते. आम्ही चिमटा जास्तीत जास्त टोकाकडे घेतला, म्हणजे कापाची रुंदी वाढेल, आणि बोल्ट आवळताच तेच चाक दाबले गेले. यंत्र सुरू केल्यावर चेन हलेना, क्लचमधून जळका वास आला आणि भावाने झटकन स्विच बंद केला. चिमटा त्या चाकाच्या मागेच हवा, आणि यंत्राकडच्या बाजूला बारच्या तेलाच्या छिद्राला झाकणार नाही असा हवा. या दोन्ही बाजूंना मिळून चारेक इंच जातात. २८ इंची बारने २४ इंचांहून रुंद ओंडका चिरता येत नाही.

चेनसॉबरोबर मिळणारी चेन झाड आडवे कापण्यासाठी असते. तिच्या दातांची वरची धार ३० अंशांच्या आसपास तिरपी असते, कारण तिला तंतू बाजूने छेदायचे असतात. ओंडका या पद्धतीने उभा चिरताना परिस्थिती उलटी होते. यंत्र लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुढे सरकते आणि चेन रेषांना आडवी धावते, म्हणजे प्रत्येक दात तंतूंची टोके खरवडत जातो. तिरप्या धारेचा दात तिथे ओढाताण करतो, लवकर बोथट होतो आणि पृष्ठभागावर ओरखडे ठेवतो. त्यासाठी धार १० अंशांपर्यंत, म्हणजे जवळजवळ सरळ, करावी लागते. माझ्या २८ इंची बारच्या चेनला ४६ दात होते, निम्मे डावे आणि निम्मे उजवे. साडेपाच मिलिमीटरची गोल कानस घेऊन मी ते एकेक करून घासले. एका बैठकीत सगळा कोन बदलू नये, दोन-तीन वेळा धार लावताना थोडा थोडा बदलावा, नाहीतर दात फार खातो, हे मी निम्मी चेन घासून झाल्यावर शिकलो. दाताच्या पुढे जो बुटका खुंट असतो, तो दाताने किती खोल चावायचे ते ठरवतो. तो सगळ्या दातांपुढे सारखा नसेल तर काप हळूहळू एका बाजूला चढत जातो.

लिंबाला हात लावण्याआधी नोव्हेंबरमध्ये एका बाभळीच्या ओंडक्यावर सराव केला. ४० इंच घेर, ५ फूट लांबी आणि यंत्र शेजाऱ्याकडून मागून आणलेले ५८ सीसीचे. मी पाहिलेल्या चित्रफितींत माणसे एका हाताने ढकलावे तसे यंत्र पुढे नेताना दिसत होती, पण त्यांचे लाकूड मऊ होते. बंडीच्या चाकाचे तुंबे आणि आरे ज्या लाकडाचे करतात ती आपली बाभूळ काय आहे, ते पहिल्या हातभर कापातच कळले. यंत्र ओरडत होते आणि पुढे इंचइंच सरकत होते. दोन काप झाल्यावर ते इतके तापले की अर्धा तास सुरूच होईना.

तिसऱ्या कापात खट्ट असा आवाज झाला, ठिणगी दिसली आणि यंत्र पुढे जाण्याचे थांबले. पाचर ठोकून फळी उचलली तर आत काटेरी तारेचा दीड वितीचा तुकडा. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरांना अडवण्यासाठी कधीकाळी कोणीतरी, म्हणजे बहुधा आमच्याच वडिलांनी, धुऱ्यावरच्या झाडांना तार ठोकली होती आणि झाडाने ती गिळून टाकली होती. चेनचे अकरा दात गेले. मात्र त्या फळीवर मला एक गोष्ट दिसली, जिचा पुढे फार उपयोग झाला. तारेभोवती लाकूड निळसर काळे पडले होते आणि तो डाग रेषांच्या दिशेने वर-खाली हातभर लांबवर पसरला होता. बाभळीत टॅनिन भरपूर असते, तिची साल कातडे कमावण्यासाठी वापरतात, आणि टॅनिनला लोखंड मिळाले की जवळजवळ शाईच तयार होते. म्हणजे खिळ्याच्या कितीतरी आधी लाकूड स्वतः सूचना देत असते. दुसऱ्या फळीवर तसा फिका डाग दिसताच मी थांबलो, पटाशीने खोदले आणि दोन बोटांवर यू आकाराचा खिळा सापडला. लिंबात हा डाग इतका ठळक उमटेल याची खात्री नव्हती, म्हणून लिंबाची सगळी साल आधीच सोलून काढली आणि लाऊडस्पीकरमधून काढलेला चुंबक दोरीला बांधून खोडावरून फिरवला. चुंबकाला फक्त वरवरचे लोखंड कळते, पण मनाला बरे वाटले.

बाभळीच्या फळ्या जुन्या रिवाजाप्रमाणे दगड ठेवून नाल्याच्या डोहात बुडवून ठेवल्या. बाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा फार लवकर लागतो, आणि महिना-दीड महिना पाण्यात राहिल्यावर त्यातले सत्त्व निघून गेले की भुंग्याला त्यात रस राहत नाही. पाणी चहासारखे लाल झाले होते.

५८ सीसीचे यंत्र या कामाचे नाही हे स्पष्ट झाल्यावर वरुडकडच्या एका कंत्राटदाराचे, जो जुन्या संत्राबागा तोडण्याची कामे घेतो, ७२ सीसीचे वापरलेले यंत्र २३ हजारांना घेतले. हा खर्च फळ्यांच्या हिशेबात धरला तर सागवानाचे दार स्वस्त पडले असते, हे घरात दोन-तीन वेळा ऐकून घेतले आहे.

कापूस वेचणी आटोपल्यावर, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, लिंबाचे काम हाती घेतले. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना बुंधा तोडला त्याच दिवशी उरलेला तेलरंग जाड थराने फासला होता, त्यामुळे आठ महिन्यांत भेगा गेल्या त्या बोटभरच. रंग विसरलेला फांदीचा तुकडा शेजारीच पडला होता, तो वीतभर आतपर्यंत उकलला होता. ट्रॅक्टरला साखळी लावून आणि सब्बलीने रेटून ओंडका दोन आडव्या लाकडांवर चढवला. जाडे तोंड दुसऱ्यापेक्षा सुमारे सहा इंच उंच ठेवले, म्हणजे यंत्र उतारावरून आपल्या वजनाने पुढे येते आणि ढकलणाऱ्याची कंबर वाचते. दोन्ही बाजूंना पाचरी ठोकून ओंडका लोळणार नाही याची खात्री केली.

पहिला काप हाच या सगळ्या कामातला कळीचा भाग. गोल ओंडक्याला सपाट पृष्ठभाग नसतो, मग चौकट घसरणार कशावरून? त्यासाठी सव्वा इंची अँगलच्या दोन १२ फुटी लांब्यांना मध्ये आडव्या पट्ट्या वेल्ड करून शिडीसारखी पट्टी केली होती. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर पाण्याच्या नळीने पातळी काढून गेरूत भिजवलेल्या सुताने आडव्या रेषा मारल्या. शिडी त्या रेषांना समांतर येईल अशी वर ठेवली आणि दोन्ही टोकांना लाकडी ठोकळ्यांवर स्क्रूने पक्की केली. शिडी ओंडक्याच्या दोन्ही तोंडांच्या दीड-दीड फूट पुढे आली, हे ठीकच झाले, कारण काप सुरू होताना आणि संपताना चौकटीला आधार मिळतो. मधल्या नऊ फुटांत आधार द्यावा असे मला सुचले नाही. अँगल लोखंडाचे, वाकणार कसे, असा माझा समज.

पहिला काप झाला. वरचा पाठीचा तुकडा उचलला तेव्हा आत पिवळसर पांढरे लाकूड आणि मधोमध तांबूस गाभा असा १४-१५ इंच रुंदीचा पट्टा उघडा पडला आणि त्याचा कडवट वास सगळ्या वावरात भरला. भाऊ आणि मी हरखून गेलो. शिडी काढली, चौकट थेट त्या पृष्ठभागावर ठेवली आणि दीड इंचाची पहिली फळी काढली. जाडी दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजली, सगळीकडे सारखी भरली.

संध्याकाळी आमच्या गावचे म्हातारे वाढई, म्हणजे सुतार, ज्यांना सगळे गाव आबाजी म्हणते, ते बघायला आले. त्यांनी जाडी मोजली नाही. फळीचे एक टोक खांद्याच्या उंचीवर उचलायला लावले, एक डोळा मिटला आणि तिच्या काठावरून दूरवर पाहिले.

“बापू,” ते म्हणाले, “हे फयी नाही, धनुष्य हाय.”

दोरी ताणून पाहिली तर मधोमध फळी १० मिलिमीटर खोल होती. झाले होते ते असे. यंत्र आणि चौकट मिळून सतरा-अठरा किलोंचे वजन मधोमध आले तेव्हा शिडी खाली लवली, तिच्याबरोबर चेन खाली गेली आणि पहिला पृष्ठभाग पोटात खोल कापला गेला. यंत्र पुढे गेल्यावर शिडी पुन्हा सरळ झाली, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसले नाही. मग चौकट त्या खोल पृष्ठभागावरून घसरत गेली आणि पहिल्या फळीलाही तोच बाक मिळाला. मी तसाच पुढे कापत गेलो असतो तर शेवटच्या फळीपर्यंत प्रत्येकीला तो मिळाला असता. जाडी अचूक आणि फळी वाकडी. या यंत्रात प्रत्येक काप आधीच्या कापाची नक्कल करतो, दुरुस्ती करत नाही.

दुसऱ्या दिवशी शिडी पुन्हा चढवली. या वेळी दर दोन फुटांवर तिच्याखाली पाचरींच्या जोड्या समोरासमोर सरकवून ठेवल्या आणि वरून ताणलेल्या सुताला ती सगळीकडे टेकेपर्यंत एकेक पाचर हलक्या हातोडीने आत-बाहेर केली. एवढ्याच कामात सकाळ गेली. मग एक इंच लाकूड काढून पृष्ठभाग नव्याने सपाट केला. आबाजींनी पुन्हा डोळा मिटून पाहिले आणि काहीही न बोलता तंबाखू मळायला घेतली, तेव्हा काम जमले हे समजले.

पुढचे काप सारख्या चालीने झाले. ओंडक्याच्या मध्यभागी, जिथे काप २१ इंच रुंद होता, एका कापाला थांबत थांबत वीस मिनिटे लागत. कडेच्या अरुंद कापांना दहा-बारा. यंत्र पूर्ण वेगात ठेवून फक्त हलका दाब द्यायचा असतो. मध्येच थांबून, यंत्र हलवून पुन्हा सुरू केले की तिथे पृष्ठभागावर लाट उठते आणि ती नंतर रंध्याने काढत बसावे लागते. काप दोनेक फूट पुढे गेला की मागच्या फटीत पाचर सरकवायची, नाहीतर वरची फळी खाली बसते आणि बार चिमटला जातो. भाऊ पाचरी सरकवत होता, मी यंत्र धरले होते आणि आम्ही खुणांनीच बोलत होतो, कारण दोघांच्याही कानांवर आवाज अडवणारे कप होते. त्याशिवाय हे काम करू नये. चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो आणि इथे तो पंधरा-वीस मिनिटे सलग चालतो. काप संपल्यावर यंत्र लगेच बंद करायचे नाही, मिनिटभर संथ चालू ठेवून थंड होऊ द्यायचे. पेट्रोलमध्ये लिटरला २५ मिलिलिटर टू-टी तेल घालत होतो, म्हणजे नेहमीपेक्षा थोडे जास्त. दर दोन कापांनंतर सगळ्या दातांवरून कानस. भुसा पिठासारखा बारीक पडू लागला की धार गेली आहे, हे डोळ्यांआधी बोटांना कळते.

त्या भुशाबद्दल थोडे सांगायलाच हवे. चेनचा काप सुमारे ९ मिलिमीटर रुंद असतो, गिरणीच्या पट्टा-करवतीच्या तिप्पट-चौपट. आठ-दहा कापांत तीन इंच जाडीचे लाकूड भुसा होऊन वावरात पडते, म्हणजे दोन फळ्या नुसत्या उडून जातात. आणि लिंबाचा भुसा कडू असतो. पहिल्या दिवशी मी तोंडाला नुसता रुमाल बांधला होता. रात्रीची भाकर कडू लागली, पाणी कडू लागले, दुसऱ्या दिवशी घसा बसला आणि डोळे लाल झाले. नंतर चांगला मास्क आणि बंद चष्मा घेतला. आई म्हणाली, भुसा गव्हाच्या कोठीत घालू, किडे लागणार नाहीत. पण त्यात चेनचे तेल उडालेले असते, म्हणून तो धान्याजवळ नेऊ दिला नाही, उकिरड्यावर टाकला.

तीन दिवसांत दोन तीन-इंची जाड पाट आणि तीन दीड-इंची फळ्या निघाल्या, शिवाय ती वाकडी फळी. मनात योजलेल्या मापापेक्षा एक फळी कमी, ती माझ्या शिडीने खाल्ली. दाराच्या चौकटीचे खांब जाड पाटांतून निघणार होते, म्हणून ओंडक्याचा मधला सगळ्यात पक्का भाग त्यांनाच दिला. झाडाचा अगदी मधला बिंदू दोन पाटांच्या मधल्या कापात गेला, हे मुद्दाम केले होते. तो बिंदू ज्या तुकड्यात राहतो तो वाळताना हमखास उकलतो.

फळ्या निघाल्या म्हणजे काम झाले, असे आम्हाला वाटत होते. आबाजींना तसे वाटत नव्हते. विदर्भातला उन्हाळा ओल्या लाकडाचा वैरी आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पश्चिमेची झळ लागते आणि फळीचा वरचा पापुद्रा आतल्या लाकडाच्या कितीतरी आधी आकसून फाटतो. कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, उत्तरेकडच्या ओसरीत विटांवर तीन ओळींत ठोकळे ठेवून त्यांवर थप्पी रचली. प्रत्येक दोन फळ्यांमध्ये एक इंची पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि वरच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या अगदी सरळ रेषेत, नाहीतर वजनाने फळी पट्ट्यांमध्ये झोळीसारखी लवते. वर जुने जाते आणि दोन पाटे वरवंट्यांसकट ठेवले. पश्चिमेच्या बाजूला तुराट्यांचे कूड उभे केले, म्हणजे वारा गाळून आत येईल. तरीही एप्रिलमध्ये सगळ्यात वरच्या फळीला दोन भेगा गेल्याच, कारण पाहुणे आले म्हणून घरात कोणीतरी जाते दळायला उतरवून नेले होते आणि पंधरा दिवस ते परत ठेवले नाही.

इंचभर जाडीला वर्षभर, असा हवेत लाकूड वाळवण्याचा एक ढोबळ हिशेब आहे. मला अंदाजावर विसंबायचे नव्हते. पाठीच्या तुकड्यातून दोन फुटांचा नमुना कापून, त्याच्या तोंडांना रंग लावून थप्पीतच ठेवला आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कापसाच्या काट्यावर तोलला. जानेवारीत तो ११ किलो २०० ग्रॅम होता. जूनपर्यंत झपाट्याने उतरला, पावसाळ्यात शेपाचशे ग्रॅम वरखाली झाला आणि दिवाळीला ८ किलो ९०० वर आला. पुढचे दोन महिने काटा तिथेच राहिला तेव्हा आबाजींना निरोप पाठवला.

माघात त्यांनी ओसरीतच काम मांडले. लिंबाच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. एका पट्ट्यात रंधा लोण्यासारखा चालतो आणि चार बोटांवर उलटी रेष लागली की तंतू उपटून खड्डा पाडतो. आबाजींनी रंध्याचे पाते केसभर बाहेर ठेवून, दिशा बदलत बदलत, दोन दिवस नुसता पृष्ठभाग सारखा केला. मधल्या पाटांचा तांबूस रंग तेल लावल्यावर गडद झाला. चौकटीचे सांधे त्यांनी खिळ्याविना, बाभळीच्या खुंट्या ठोकून पक्के केले, आणि त्या खुंट्या डोहातून काढलेल्या आमच्या सरावाच्या बाभळीतल्याच होत्या. दार बसवले त्या दिवशी काटकोन तपासायला गुण्या लावून पाहिला. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरची फट होती, ती पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर भरेल म्हणून तशीच ठेवली.

धनुष्यासारखी ती पहिली फळी वर्षभर कोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती. मी ती सरपणात टाकणार होतो. आबाजींनी तिच्यावर गेरूच्या सुताने दोन आडव्या रेषा मारल्या आणि तिचे तीन-तीन फुटांचे तीन तुकडे केले. नऊ फुटांत १० मिलिमीटरचा जो बाक होता, तो तीन फुटांच्या तुकड्यात मिलिमीटरभरच उरतो, आणि तो रंध्याच्या चार फेऱ्यांत निघून गेला. त्या तीन तुकड्यांना खाली पट्ट्या ठोकून त्यांनी जेवायला बसायचे पाट केले. त्यांतल्या एकाच्या कडेला माझ्या पहिल्या कापाची लाट त्यांनी मुद्दाम रंध्याशिवाय राहू दिली आहे, आणि घरी आले की ते तोच पाट ओढून घेतात.